स्लायडरांऐवजी ओळी: स्क्रीन रीडरसह इक्वलायझर एपीओ

इक्वलायझर हे कानाने वापरायचे साधन असले, तरी त्याची मांडणी बहुतेक ठिकाणी डोळ्यांसाठीच केलेली आढळते. पडद्यावर एक वक्ररेषा असते, तिच्यावर ठिपके असतात, आणि ठिपका माउसने धरून वर-खाली ओढला की खर्जाच्या किंवा तार स्वरांच्या त्या त्या पट्ट्यातला आवाज वाढतो किंवा कमी होतो. मला जन्मापासून दिसत नाही. संगणकावर रोजचे आठ-नऊ तास मी एनव्हीडीए या स्क्रीन रीडरचा, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आवाज ऐकत काम करते आणि उरलेल्या वेळात त्याच हेडफोनवर गाणे ऐकते. म्हणजे आवाजाचा पोत सुधारण्याची गरज मला डोळस माणसापेक्षा काकणभर जास्तच आहे, पण त्यासाठीची साधने मात्र हाताला फारशी लागत नाहीत. गेली काही वर्षे मी विंडोजवर इक्वलायझर एपीओ हे मोफत आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरते आहे. माझे मत आधीच सांगून टाकते: दृष्टिहीन वापरकर्त्यासाठी याहून सोयीचा इक्वलायझर मला मिळालेला नाही, कारण एकदा बसवल्यावर त्याची खिडकी उघडावीच लागत नाही. त्याचा सगळा कारभार एका साध्या मजकुराच्या फाईलीवर चालतो.

याआधी मी वापरत होते तो इक्वलायझर हेडफोनसोबत मिळालेला होता. कंपनीचे नाव घेत नाही, कारण हा दोष एका कंपनीपुरता नाही. त्या खिडकीत टॅब दाबत गेले की एनव्हीडीए "स्लायडर ५०, स्लायडर ५०, स्लायडर ५०" असे दहा वेळा म्हणत असे. कोणता स्लायडर कोणत्या वारंवारतेचा आहे हे तो सांगू शकत नव्हता, कारण स्लायडरांना नावेच दिलेली नव्हती. ती खाली चित्रातल्या अक्षरांत रंगवलेली होती. शिवाय ५० हा आकडा डेसिबलचा नव्हता, तर स्लायडर किती टक्के वर आहे याचा होता. वरचा बाण एकदा दाबला की ५१ ऐकू यायचे. ते अर्धा डेसिबल की पाव, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे. डावीकडून मोजत सातवा म्हणजे बहुधा चार हजार हर्ट्झचा, असे बोटांवर हिशेब करत मी दोन महिने काढले. मग एका अपडेटनंतर स्लायडरांवर टॅबने जाताच येईना, आणि तो प्रयोग तिथेच संपला.

इक्वलायझर एपीओ योनास थेडरिंग यांनी लिहिलेले आहे. एपीओ म्हणजे ऑडिओ प्रोसेसिंग ऑब्जेक्ट. कार्यक्रमांतून निघालेला आवाज स्पीकरकडे जात असताना वाटेत त्यावर संस्कार करण्याची ही सोय विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्येच आहे, आणि हे सॉफ्टवेअर त्याच जागी जाऊन बसते. त्यामुळे ब्राउझर, गाण्यांचा प्लेअर, मीटिंगचा आवाज, तसेच स्क्रीन रीडरचे बोलणे, असे सगळे त्याच्या चाळणीतून जाते. नेहमीचे फिल्टर लावल्यावर जाणवण्याइतका उशीर होत नाही, आणि आमच्या दृष्टीने हा मुद्दा फार मोठा आहे. कळ दाबली आणि अक्षर किंचित मागाहून ऐकू आले, तर ज्याला डोळे आहेत त्याचे काही बिघडत नाही. मी मात्र अर्ध्या तासात वैतागून जाते.

बसवण्याचा भाग सोपा आहे, फक्त एका ठिकाणी सावध राहावे लागते. शेवटी ध्वनी उपकरणांची यादी येते. त्यात वाजवणारी उपकरणे आणि मायक्रोफोन वेगवेगळे दाखवलेले असतात. बाणांनी उपकरणावर जायचे, स्पेस दाबून खूण करायची, आणि खूण झाली की नाही हे खाली-वर एकदा जाऊन पुन्हा ऐकायचे. एकाच हेडफोनची दोन-दोन नावे यादीत असू शकतात, विशेषतः ब्लूटूथ असेल तर: एक गाणी ऐकण्यासाठीचे आणि दुसरे फोनवर बोलण्यासाठीचे. चुकीच्या नावावर खूण केली की पुढे कितीही फिल्टर लिहिले तरी काहीच बदलत नाही. खूण झाल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा लागतो.

त्यानंतर खरा वापर सुरू होतो तो नोटपॅडमध्ये. इक्वलायझर एपीओच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये कॉन्फिग डॉट टीएक्सटी नावाची फाईल असते. तिच्यातली एक ओळ म्हणजे एक आज्ञा. माझ्या फाईलीतली एक ओळ एनव्हीडीएच्या तोंडून अशी ऐकू येते: फिल्टर, कोलन, ऑन, पीके, एफसी, ६०००, हर्ट्झ, गेन, वजा ४, डीबी, क्यू, २. यात पीके म्हणजे एका जागी उठलेला उंचवटा किंवा पडलेला खड्डा, एफसी म्हणजे त्याचा मध्य, गेन म्हणजे उंची किंवा खोली, आणि क्यू म्हणजे रुंदी. क्यूचा आकडा जितका मोठा तितका खड्डा अरुंद असतो, १.४१ लिहिले तर तो साधारण एका सप्तकाएवढा रुंद होतो. पीकेच्या जागी एलएससी लिहिले तर दिलेल्या वारंवारतेखालचा सगळा खर्जाचा भाग एकत्र उचलला किंवा दाबला जातो, आणि एचएससी लिहिले तर तसेच वरच्या भागाचे होते. फाईल सेव्ह केली की बदल त्या क्षणी लागू होतो. कंट्रोल आणि एस दाबून पुढची ओळ वाचायला घेतली की ती ओळ नव्या आवाजातच ऐकू येते. ही गंमत पहिल्या दिवशी मी निदान तीस वेळा केली असेन.

डोळस मित्रांना ही पद्धत मागासलेली वाटते. त्यांच्यासमोर आलेख असतो, आणि तो पाहून वळण कसे आहे हे त्यांना एका नजरेत कळते. मला तो फायदा नाही, पण आलेख हे शेवटी याच आकड्यांचे चित्र आहे, आणि माझ्या हाती थेट आकडे आहेत. सहा हजारला वजा चार हे मी लक्षात ठेवू शकते, दुसऱ्याला फोनवर सांगू शकते, त्याने सांगितलेले जसेच्या तसे उतरवून घेऊ शकते. हॅश चिन्हाने सुरू होणारी ओळ इक्वलायझर वाचत नाही, त्यामुळे प्रत्येक फिल्टरच्या वर तो का लावला हे मी मराठीत लिहून ठेवते. दोन महिन्यांनी "हे काय केले होते आपण" असा प्रश्न पडतो, तेव्हा त्या टिपा उपयोगी पडतात.

याच मराठीने एकदा माझी चांगली फिरकी घेतली. टीप मराठीत लिहून झाली आणि कळफलक इंग्रजीवर आणायला विसरून मी फिल्टरच्या ओळीत आकडा बदलला. सेव्ह केले, फरक काहीच नाही. ओळ पुन्हा ऐकली: गेन वजा ६, बरोबर. पुन्हा सेव्ह केले, तरीही काही नाही. संगणक बंद करून सुरू केला, उपकरणांची यादी पुन्हा तपासली, एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी त्या आकड्यावर कर्सर नेऊन अंकफलकावरची दोनची कळ तीनदा दाबली, तेव्हा एनव्हीडीएने त्या अक्षराचा क्रमांक सांगितला: २४१२. इंग्रजी सहाचा क्रमांक ५४ असतो. मी टाइप केलेला सहा देवनागरीतला होता, आणि कानाला दोन्ही सहा सारखेच. डोळस माणसाला ही चूक पाहताक्षणी दिसली असती. तेव्हापासून आकडा बदलला आणि आवाज बदलला नाही की मी सर्वांत आधी हीच तपासणी करते. वजाच्या चिन्हाचेही असेच आहे. कोणता आवाज निवडला आहे आणि चिन्हवाचनाची पातळी काय ठेवली आहे, यानुसार ते वाचताना गळू शकते, म्हणून त्या ओळीवरून एकदा तरी एकेक अक्षर ऐकत जावे.

सॉफ्टवेअरचा यातला दोष असा की त्याला न समजलेली ओळ ते मुकाट्याने सोडून देते. कोलन राहिला, शब्द चुकला, आकडा परका निघाला, तरी ना आवाज होतो, ना संदेश येतो. चुकांची नोंद विंडोजच्या आत खोलवर एका फोल्डरमध्ये होते खरी, पण तिथपर्यंत जाण्याचा उत्साह किती जणांना असेल? एक साधी घंटी वाजली असती तरी पुरे होते.

याहून गंभीर धोका वेगळा आहे, आणि तो फक्त आमच्या वाट्याचा आहे. डोळस माणसाने इक्वलायझरमध्ये घोळ केला आणि आवाज गेला, तर त्याला पडदा दिसत असतो. तो चूक शोधतो आणि दुरुस्त करतो. माझा आवाज गेला की पडदाही गेला. प्रीअँप नावाची एक आज्ञा असते. सगळ्या फिल्टरांच्या आधी आवाज एकूण किती कमी करायचा ते ती सांगते. तिच्यापुढे मला वजा ६.० लिहायचे होते. दशांशचिन्ह उमटले नाही, आणि फाईलीत गेले वजा ६०. सेव्ह करताच एनव्हीडीए वाक्याच्या मध्येच गप्प झाला. साठ डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी हजारपट खाली. हेडफोन कानात दाबून धरले तरी काही ऐकू येईना. पहिल्यांदा वाटले स्क्रीन रीडरच बंद पडला, म्हणून तो पुन्हा सुरू केला, अर्थात निमूटपणेच. मग आठवले की कर्सर अजून त्याच नोटपॅडमध्ये असणार. कंट्रोल आणि झेड, मग कंट्रोल आणि एस, आणि आवाज परत आला. मधल्या वेळात मी चिडून भलतीच खिडकी उघडली असती, तर कोणाला तरी हाक मारण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्या दिवशी मी दोन गोष्टी केल्या, आणि हे सॉफ्टवेअर बसवणाऱ्या प्रत्येक दृष्टिहीन माणसाने त्या पहिल्याच दिवशी कराव्यात असे मला वाटते. कोणताही फिल्टर नसलेली एक कोरी फाईल मी बाजूला ठेवली. ती फाईल कॉन्फिग फाईलीवर उतरवणारी एक छोटी बॅच फाईल, म्हणजे उघडताच आतल्या आज्ञा आपोआप चालवणारी फाईल, लिहिली, तिचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवला, आणि त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये कंट्रोल, आल्ट आणि शून्य ही कळजोडी नेमून दिली. आता आवाज कितीही बिघडला तरी ती जोडी दाबली की सगळे मूळपदावर येते, त्यासाठी काही ऐकू येण्याची गरज पडत नाही. दुसरे म्हणजे एनव्हीडीएच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन त्याचा आवाज वेगळ्या उपकरणाकडे वळवला. लहानसे यूएसबी साउंड कार्ड असले तरी भागते. प्रयोग सुरू असताना स्क्रीन रीडर या वाटेने बोलतो आणि संगीत त्या वाटेने जाते. इक्वलायझरच्या फाईलीत डिव्हाइस या आज्ञेपुढे उपकरणाचे नाव लिहिले की त्याखालचे फिल्टर तेवढ्याच उपकरणाला लागतात, त्यामुळे एकाच फाईलीत दोघांचे वेगवेगळे संसार सुखाने चालतात.

उलट्या बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे. फिल्टरने एखादा भाग पाच डेसिबलने वाढवला आणि मूळ ध्वनी आधीच कमाल पातळीला टेकलेला असेल, तर वरचा भाग छाटला जातो आणि आवाज फाटतो. म्हणून सर्वांत मोठी वाढ जेवढी, निदान तेवढीच वजाबाकी प्रीअँपमध्ये करावी. वाढ पाचची असेल तर मी वजा सहा लिहिते. आवाज एकूण हलका होतो आणि पहिल्या क्षणी "आधीचेच बरे होते" असे वाटते, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला भासतो. व्हॉल्यूम वाढवून पुन्हा तुलना केल्याशिवाय मत बनवू नये.

आता मुख्य उपयोगाकडे येते. कृत्रिम आवाज दिवसभर ऐकणे हा गाणी ऐकण्याहून अगदी वेगळा प्रकार आहे. मी ईस्पीक या मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा मराठी आवाज बऱ्याच वेगाने वापरते. तो चपळ आहे, पण स, श आणि च यांची धार कानात टोचते. ही धार साधारण पाच ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते, आणि वर सांगितलेली सहा हजारला वजा चारची ओळ त्याच्यासाठीच आहे. संध्याकाळी कानांना येणारा शीण या एका ओळीने जितका कमी झाला, तितका महागड्या हेडफोनांनीही झाला नव्हता. लोभाने मी ती वजा दहापर्यंत नेऊन पाहिली. आवाज मऊ, मधाळ झाला, आणि तासाभरातच "सार" आणि "फार" यांत माझी गफलत होऊ लागली. टेलिफोनवर नाव सांगताना अक्षरे फोडून सांगावी लागतात, त्याचे कारण हेच. जुन्या टेलिफोनच्या पट्ट्यात साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचेच ध्वनी जातात, आणि स व फ यांचा फरक त्याच्या वर असतो. व्यंजने ओळखू येण्यासाठी दोन ते चार हजारचा पट्टा तर हात न लावता ठेवावा. खालच्या बाजूला २५० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी केले की बंद पेटीत बोलल्यासारखा घुमारा जातो. शंभरच्या खाली कृत्रिम बोलण्यात फारसे काही नसते, तेव्हा तिथे बेस वाढवून बोलणे "भारदस्त" करण्याच्या फंदात पडू नये.

संगीतासाठी मात्र मी स्वतः फार खटपट करत नाही, कारण ती दुसऱ्या कोणीतरी केलेली आहे. याक्को पासानेन यांच्या ऑटोईक्यू या मुक्त प्रकल्पात हेडफोनांच्या हजारो मॉडेलांची मोजमापे एकत्र करून प्रत्येकासाठी सुधारणा काढून ठेवलेल्या आहेत. बहुतेक ठिकाणी आवाज कसा असावा याचे लक्ष्य म्हणून हार्मन कंपनीतील संशोधकांनी श्रोत्यांच्या पसंतीवरून ठरवलेली वक्ररेषा घेतलेली आहे. आपल्या मॉडेलच्या नावाचे फोल्डर शोधायचे. त्यात आलेखाचे चित्र असते, ते आपल्या कामाचे नाही, आणि शेजारी पॅरामेट्रिक ईक्यू नावाची मजकुराची फाईल असते, तीच आपल्याला हवी. तिच्यात पहिली ओळ प्रीअँपची आणि पुढे फिल्टरांच्या ओळी, त्याही नेमक्या इक्वलायझर एपीओच्या भाषेत. ती कॉन्फिग फोल्डरमध्ये ठेवून मूळ फाईलीत इन्क्लूड या आज्ञेपुढे तिचे नाव लिहिले की काम झाले. डोळस माणसाला जे मिळते तेच, तेवढ्याच कष्टात मिळाल्याचा हा प्रसंग माझ्या संगणकीय आयुष्यात विरळाच आहे. हेडफोन बदलला की त्या एका ओळीतले फाईलीचे नाव बदलायचे. अतिउच्च भागातले फिल्टर मी निम्म्याने कमी करून वापरते, कारण तिथे कानाच्या आणि हेडफोनच्या गादीच्या ठेवणीनुसार बराच फरक पडतो आणि दुसऱ्याचे मोजमाप आपल्या कानाला तंतोतंत लागू होईलच असे नाही.

ज्या हेडफोनचे मोजमाप उपलब्ध नाही, तिथे कानावरच विसंबावे लागते, आणि त्याची एक जुनी युक्ती या फाईलीत फार छान जमते. क्यू पाचचा एक अरुंद उंचवटा आठ डेसिबलने वाढवून लिहायचा, व्हॉल्यूम आधीच चांगला खाली आणायचा, आणि ओळखीचे गाणे लावून एफसीचा आकडा पाचशेच्या टप्प्याने बदलत प्रत्येक वेळी सेव्ह करायचे. जिथे आवाज एकाएकी असह्य होतो, किणकिणतो किंवा नाकातून आल्यासारखा वाटतो, ती जागा मूळ दोषाची असण्याची शक्यता मोठी. मग त्याच जागी उंचवट्याऐवजी तीनचा खड्डा लिहायचा. माझ्या एका जुन्या जोडीत हा दोष ३५०० वर सापडला. माउसने ठिपका सरकवणाऱ्याला हे काम सलग करता येते, मला टप्प्याटप्प्याने. पण प्रत्येक टप्प्यावर आपण नेमके कुठे आहोत हे मला आकड्यात ठाऊक असते.

आमच्यापैकी अनेक जण एकाच कानात हेडफोन घालतात, दुसरा कान भोवतालासाठी मोकळा ठेवतात. तशा वेळी स्टिरिओ ध्वनीतली अर्धी बाजू ऐकूच येत नाही. कॉपी या आज्ञेने दोन्ही बाजूंचा निम्मा-निम्मा भाग एकत्र करून दोन्हीकडे पाठवता येतो. एवढेच हवे असेल तर विंडोजच्या सेटिंगमधला मोनो ऑडिओचा पर्याय सोपा आहे. फाईलीचा मार्ग एकाच उपकरणापुरते ते करायचे असेल तेव्हा कामाचा. चॅनेल ही आज्ञा वापरून डाव्या आणि उजव्या कानाला निरनिराळे फिल्टरही देता येतात. एनव्हीडीएच्या २०२४.२ या आवृत्तीपासून साउंड स्प्लिटची सोय आली, म्हणजे स्क्रीन रीडर एका कानात आणि बाकी सगळे कार्यक्रम दुसऱ्या कानात. या दोन्हींची सांगड घातली तर वेगळे साउंड कार्ड नसतानाही केवळ स्क्रीन रीडरच्या बाजूला धार कमी करणारा फिल्टर लावता येतो. भाषणे, मुलाखती आणि मीटिंगसाठी ही जोडी मला आवडली. संगीतासाठी ती निरुपयोगी आहे, कारण गाण्याची एक बाजू त्यात गायब होते.

ज्यांना फाईल नकोच असेल त्यांच्यासाठी इक्वलायझर एपीओसोबत येणारा संपादक आहे, आणि पीटर व्हर्बेक यांचे पीस नावाचे वेगळे दर्शनी सॉफ्टवेअरही आहे. पहिल्याचा आत्मा आलेखात आहे, आणि आलेखाला वाचून दाखवण्यासारखे काही नसते. पीसमध्ये तयार मांडण्यांना कळजोड्या नेमून देता येतात, ही सोय उत्तम आहे, पण माझे ते काम शॉर्टकटवर भागते. फक्त गाण्यांपुरताच इक्वलायझर हवा असेल तर फूबार २००० या प्लेअरमधला अठरा पट्ट्यांचा पुरेसा आहे, आणि त्यात स्क्रीन रीडरच्या आवाजाला धक्का लागण्याची भीतीही नाही. ध्वनिमुद्रण सुधारायचे असेल तर ऑडॅसिटीत फिल्टर कर्व्हच्या वाटेला न जाता ग्राफिक ईक्यू घ्यावा. पहिल्यात माउसने रेषा काढायची असते, दुसऱ्यात कळफलकाने चालणारे स्लायडर असतात. रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना ओसारा या विस्तारामुळे इक्वलायझरचे सगळे आकडे यादीसारखे वाचता-बदलता येतात, पण तो वेगळ्या लेखाचा विषय होईल.

दोन मर्यादा ठाऊक असाव्यात. जे कार्यक्रम एएसआयओ किंवा वासापीच्या एक्सक्लुझिव्ह पद्धतीने थेट साउंड कार्डाशी बोलतात, त्यांच्या आवाजाला इक्वलायझर एपीओ स्पर्श करू शकत नाही. दुसरी मर्यादा जास्त तापदायक आहे. ध्वनीचा ड्रायव्हर नव्याने बसला की इक्वलायझरची नोंद पुसली जाऊ शकते; मग उपकरणांच्या यादीत जाऊन खूण पुन्हा करावी लागते. हे घडल्याचेही कोणी सांगत नाही, आणि फरक सूक्ष्म असेल तर आठवडाभर लक्षात येत नाही. आज कान लवकर का दुखले, एवढाच प्रश्न पडतो. म्हणून विंडोजचे अपडेट झाले की मी कामाला बसण्याआधी फाईल उघडते, प्रीअँप वजा वीस करते आणि सेव्ह करते. एनव्हीडीए दबक्या आवाजात बोलू लागला तर सगळे जागेवर आहे. कंट्रोल आणि झेड दाबून पुन्हा सेव्ह करते आणि कामाला लागते. तो पूर्वीसारखाच खणखणीत बोलत राहिला, तर उपकरणांची यादी उघडते.